रहीमसाहेबांचे ‘मैदान’ आणि आपली मुले



या सदरात आम्ही सहसा सिनेमावर लिहीत नाही. मुलांचे शिक्षण, घरखर्च, लग्नातला वाढता थाट, थकलेल्या आईवडिलांची देखभाल हे आपले नेहमीचे विषय. पण २०२४ च्या रमजान ईदला ‘मैदान’ नावाचा चित्रपट आला, पुढे तो मोबाइलवर आणि घरच्या टीव्हीवरही पोहोचला, आणि तेव्हापासून आपल्या घराघरांत त्याच्यावर बोलणे सुरू आहे. ज्या घरांत कधी फुटबॉलचा विषय निघत नव्हता तिथेही निघाला. कोणी भरभरून कौतुक करतो, कोणी नाक मुरडतो, कोणी डोळे पुसतो. एका चित्रपटावर एकाच कुटुंबातल्या आजोबांचे, सुनेचे आणि नातवाचे मत वेगवेगळे असावे, यात नवल नाही. पण ही मते नीट ऐकली तर त्यांतून चित्रपटापेक्षा आपल्याच घरांविषयी बरेच काही कळते. म्हणून या महिन्याचे सदर त्या मतांसाठी.

ज्यांनी चित्रपट पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. अमित शर्मा यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट सय्यद अब्दुल रहीम या माणसाची गोष्ट सांगतो. रहीमसाहेबांचा जन्म १९०९ सालचा, हैदराबादचा. पेशाने शिक्षक, मनाने फुटबॉलचे. १९५० ते १९६३ या काळात ते भारतीय फुटबॉल संघाचे प्रशिक्षक होते. त्यांच्या हाताखाली भारताने १९५१ मध्ये दिल्लीत आणि १९६२ मध्ये जकार्तात आशियाई खेळांचे सुवर्णपदक जिंकले, आणि मधल्या काळात, १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये, चौथा क्रमांक मिळवला. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये पहिल्या चारांत येणारा आशियातला तो पहिलाच संघ. चित्रपटात रहीमसाहेबांची भूमिका अजय देवगण यांनी केली आहे, त्यांच्या बेगम सायरा यांची प्रियामणी यांनी, आणि संगीत ए. आर. रहमान यांचे आहे. १९५२ च्या हेलसिंकीतल्या पराभवापासून गोष्ट सुरू होते आणि जकार्तातल्या अंतिम सामन्यावर संपते. कॅन्सरने पोखरलेला एक माणूस, ज्याच्याकडून कोणालाच आशा नाही असा एक संघ, आणि विरोधात ओरडणारे भरलेले स्टेडियम. दुबळ्याने बलवानाला हरवण्याच्या गोष्टीत आणखी काय हवे?

आता मते.

सर्वांत जास्त ऐकू येणारे मत असे: ‘शेवटचा अर्धा तास अप्रतिम, पण त्याआधी फार ताणले आहे.’ चित्रपट तीन तासांचा आहे. तरुण मुले तर सरळ सांगतात की पहिला भाग पुढे ढकलत पाहिला आणि जकार्ता आल्यावर मोबाइल बाजूला ठेवून पाहिले. अंतिम सामन्याचे चित्रण खरेच विलक्षण आहे. कॅमेरा खेळाडूंच्या पायांत फिरतो, आणि निकाल माहीत असूनही माणूस खुर्चीच्या कडेला येतो. त्या अर्ध्या तासाबद्दल आमचेही दुमत नाही.

पण ज्या भागाला आपण ‘ताणलेला’ म्हणतो, त्यात आहे काय? त्यात एक शिक्षक गावोगावी जाऊन मुलांचा खेळ पाहतो. कोणाला घ्यायचे, कोणाला वगळायचे, यावर समितीतल्या लोकांशी वाद घालतो. तेच तेच सराव करून घेतो. हरतो, वहीत काही लिहितो, पुन्हा मैदानावर जातो. हे सगळे पाहायला संथ वाटते, कारण ते संथच असते. सुवर्णपदक मात्र त्या संथ वर्षांतून आलेले आहे. नव्वद मिनिटांत ते फक्त सर्वांना दिसले.

इतिहासात जे नोंदलेले आहे ते तर चित्रपटापेक्षाही संथ आणि म्हणूनच अधिक मोलाचे आहे. १९५२ मध्ये हेलसिंकीला युगोस्लाव्हियाने भारताला १०-१ असे हरवले. आपले बरेच खेळाडू त्या थंडीत, ओल्या मैदानावर अनवाणी खेळत होते. त्या सामन्यानंतर आपल्या फुटबॉलमध्ये बूट सक्तीचे झाले. रहीमसाहेबांनी या पराभवाचे रडगाणे गायले नाही. त्यांनी आपल्या खेळातल्या खोडी शोधल्या. आपल्या मुलांना चेंडू पायाशी घेऊन नाचवण्याची भारी हौस, त्यामुळे पास वेळेवर जात नाही, हे त्यांच्या लक्षात आले होते. त्यावर त्यांनी हैदराबादेत अशा स्पर्धा भरवल्या ज्यांत चेंडू घेऊन पळायलाच मनाई, आला की पुढे द्यायचा. उजव्या पायाने खेळणाऱ्यांचा डावा पाय कच्चा राहतो, म्हणून ज्यात फक्त कमजोर पायानेच खेळायचे अशाही स्पर्धा घेतल्या. विचार करा, एखाद्या मुलाला तू फक्त डाव्या हाताने लिही असे सांगितले तर तो किती वैतागेल! पण त्या वैतागातूनच दोन्ही पायांनी खेळणारी पिढी तयार झाली. १९५३ मध्ये हंगेरीने इंग्लंडला त्यांच्याच घरी, वेम्बलीवर ६-३ असे हरवले, तेव्हा त्या संघाने खेळाडूंची मांडणी कशी केली होती याचा अभ्यास रहीमसाहेबांनी हैदराबादेत बसून केला आणि आपल्या संघाची मांडणी बदलली. टीव्ही नव्हता, इंटरनेट नव्हते. शिकायचे ठरवले होते, एवढेच.

मेलबर्नच्या ऑलिंपिकमध्ये त्याचे फळ दिसले. यजमान ऑस्ट्रेलियाला आपण ४-२ असे हरवले. त्या सामन्यात तीन गोल केले आपल्या मुंबईच्या नेव्हिल डिसूझा यांनी, आणि ऑलिंपिकमध्ये हॅट्ट्रिक करणारे ते पहिले आशियाई खेळाडू ठरले. उपांत्य सामन्यात पुन्हा युगोस्लाव्हियाच समोर आला. या वेळीही आपण हरलो, पण ४-१ असे. दहा गोलांवरून चार गोलांवर यायला चार वर्षे लागली. पडद्यावर हा आकडा एका क्षणात सरकून जातो. मैदानावर ती चार वर्षे एका माणसाने रोज पहाटे उठून काढलेली होती.

दुसरे मत चिकित्सकांचे: ‘यात खरे किती आणि मसाला किती?’ प्रश्न योग्य आहे. सत्य घटनेवर आधारित असे लिहिले की प्रेक्षक सगळेच खरे मानतो. म्हणून सांगतो, गजराज राव यांनी रंगवलेला तो दुष्ट पत्रकार पटकथेने उभा केलेला आहे. कथेला खलनायक लागतो, म्हणून तो आला. फुटबॉल संघटनेतले बंगाली पदाधिकारी वाईट आणि हैदराबादचा माणूस चांगला, अशी जी सोपी वाटणी चित्रपट करतो ती काहींना खटकली, आणि ती तक्रार आम्हांला रास्त वाटते. चुनी गोस्वामी आणि पी. के. बॅनर्जी यांच्याशिवाय रहीमसाहेबांचा संघ उभाच राहिला नसता, आणि कलकत्त्याच्या मैदानांशिवाय भारतीय फुटबॉलही नाही. काही प्रेक्षकांना देवगण यांच्या तोंडी हैदराबादी दखनीचा लहेजा हवा होता. मराठवाड्यातल्या वाचकांना तर हे विशेष जाणवले असेल. १९५६ पर्यंत औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद हे सारे जिल्हे हैदराबाद राज्यातच होते. रहीमसाहेबांची बोली आपल्या आजोबा-पणजोबांच्या बोलीच्या फार जवळची.

गंमत अशी की जे खरे घडले ते मसाल्यापेक्षा जास्त चटकदार आहे. जकार्तात पहिलाच सामना आपण दक्षिण कोरियाशी ०-२ असा हरलो. मग थायलंडला ४-१ आणि जपानला २-० असे हरवले. थायलंडविरुद्ध बचावपटू जर्नेल सिंग यांच्या डोक्याला मोठी जखम झाली, टाके पडले. असा माणूस बचावात उभा राहून उंच चेंडू डोक्याने अडवणार कसा? दुसरा कोणी त्याला घरी बसवले असते. रहीमसाहेबांनी त्याला पुढच्या फळीत नेले! दक्षिण व्हिएतनामविरुद्धचा उपांत्य सामना आपण ३-२ असा जिंकला आणि त्यातला एक गोल जर्नेल यांचा होता. अंतिम सामना पुन्हा दक्षिण कोरियाशी, ४ सप्टेंबर १९६२. आजारपणामुळे बाहेर बसलेले गोलरक्षक पीटर थंगराज यांना त्या दिवशी परत उभे केले. पहिला गोल पी. के. बॅनर्जींचा, दुसरा त्याच जखमी जर्नेल सिंगांचा. कोरियाने शेवटी शेवटी एक गोल फेडला, पण सामना २-१ असा आपला झाला.

आणि प्रेक्षक विरोधात का होते, हेही चित्रपट पाहणाऱ्या मुलांना समजावून सांगण्यासारखे आहे. यजमान इंडोनेशियाने इस्रायल आणि तैवानच्या खेळाडूंना येऊ दिले नव्हते. भारताचे ज्येष्ठ क्रीडा पदाधिकारी गुरुदत्त सोंधी यांनी त्याला जाहीर आक्षेप घेतला. त्यामुळे जकार्तात संताप उसळला, भारतीय दूतावासावर जमाव चालून गेला. मोठ्यांच्या भांडणाची झळ खेळाडूंना बसली. मैदानात आपल्या राष्ट्रगीताच्या वेळीही आरडाओरड झाली. त्या एवढ्या गर्दीत भारताच्या बाजूने ओरडणारे थोडके लोक होते, आणि त्यांत पाकिस्तानचा हॉकी संघ होता, असे आपले खेळाडू पुढे वर्षानुवर्षे सांगत राहिले. आदल्याच दिवशी त्याच संघाने हॉकीच्या अंतिम सामन्यात भारताला हरवले होते. खेळाने माणसाचे मन कसे मोठे होते, हे यापेक्षा चांगल्या रीतीने मुलांना सांगता येणार नाही.

तिसरे मत सर्वांत नाजूक आहे आणि आपल्या घरांत ते सर्वांत हळू आवाजात बोलले जाते. ‘इतक्या दिवसांनी पडद्यावर आपला माणूस चांगला दिसला.’ हे वाक्य आम्ही अनेकांच्या तोंडून ऐकले. त्यात आनंद आहे आणि दुखणेही आहे. आपली मुले पडद्यावर आपल्यासारखी नावे ऐकतात ती बहुधा गुन्हेगाराची, नाही तर तलवार उगारलेल्या सुलतानाची. इथे मात्र एक माणूस आहे जो घरी आला की सलाम करतो, मुलाला दम देतो, बेगमशी थट्टामस्करी करतो, कामावर जातो आणि देशासाठी झिजतो. त्याला आपली देशभक्ती भाषण करून सिद्ध करावी लागत नाही. तो काम करतो, एवढेच. एका आईने आम्हांला सांगितले की चित्रपट संपल्यावर तिच्या बारा वर्षांच्या मुलाने विचारले, ‘अम्मी, हे खरंच होते?’ त्या ‘खरंच’ शब्दाने तिच्या काळजाला पीळ पडला. तो शब्द आम्हांलाही विसरता येत नाही.

याच्या उलट मतही आहे. काही सुशिक्षित तरुण म्हणतात, ‘रहीमसाहेब भारताचे प्रशिक्षक होते, त्यांना मुसलमान म्हणून का पाहायचे? ही फूट आपणच पाडतो.’ त्यांचेही बरोबर आहे. रहीमसाहेबांच्या १९६२ च्या संघात बंगालचे चुनी गोस्वामी, पंजाबचे जर्नेल सिंग, हैदराबादचे युसूफ खान आणि तुलसीदास बलराम, गोव्यात जन्मून मुंबईत वाढलेले फॉर्च्युनाटो फ्रँको, असे सगळे होते. हिंदू, शीख, ख्रिस्ती, मुसलमान. निवड करताना ते फक्त पाय आणि डोके पाहत. ज्या माणसाने आपल्या संघात कोणाची जात-जमात मोजली नाही, त्याला फक्त आपल्या जमातीच्या खात्यात जमा करणे म्हणजे त्याला लहान करणे होय.

आमच्या मते ही दोन्ही मते एकत्र नांदू शकतात. काळ लक्षात घ्या. १९४८ मध्ये हैदराबादेत पोलीस कारवाई झाली. शहरातले मुसलमान भयाने आणि अनिश्चिततेने ग्रासलेले होते, अनेक घरे देश सोडून गेली, अनेकांच्या नोकऱ्या गेल्या. त्यानंतर दोनच वर्षांनी रहीमसाहेबांचा हैदराबाद सिटी पोलीस संघ मुंबईत आला आणि रोव्हर्स कप जिंकून गेला. आणि एकदाच नाही, १९५० पासून १९५४ पर्यंत सलग पाच वर्षे! कूपरेजच्या मैदानावर त्या संघाला टाळ्या देणारी मुंबई सगळ्या धर्मांची होती. रहीमसाहेबांना त्या दिवसांत गाऱ्हाणे मांडायला कारणे कमी नव्हती. त्यांनी गाऱ्हाण्याऐवजी संघ बांधला. अन्यायावर बोलू नये असे आम्ही म्हणत नाही, बोललेच पाहिजे. पण ज्याच्या हातात काम असते त्याचे बोलणे लोक ऐकतात, हेही तितकेच खरे. तेव्हा मुलाने ‘हे खरंच होते?’ असे विचारले तर अभिमानाने ‘हो’ म्हणा, आणि पुढे हेही सांगा की ते सगळ्यांचे होते, म्हणून आपले होते.

चौथे मत घरातल्या वडीलधाऱ्यांचे आणि आयांचे: ‘सगळे ठीक, पण सारखी ती सिगारेट कशाला?’ चित्रपटात रहीमसाहेबांच्या ओठांतून सिगारेट क्वचितच सुटते. काही प्रेक्षक म्हणतात की पुढे येणाऱ्या फुफ्फुसांच्या कॅन्सरसाठी ते दाखवणे गरजेचे होते. काही म्हणतात की नायकाच्या हातात सिगारेट दिसली की मुलांना ती ऐटीची वाटते, मग खाली कितीही इशारे लिहा. आम्ही आयांच्या बाजूने आहोत, पण चित्रपट बंद करा असे मात्र सांगणार नाही. मुलांबरोबर बसून पाहा आणि तो विषय तिथेच काढा. जकार्ताच्या विजयानंतर नऊ महिन्यांत, ११ जून १९६३ रोजी, रहीमसाहेब कॅन्सरने गेले. वय अवघे ५३. त्यांच्यानंतर भारताचा फुटबॉल संघ पुन्हा कधी ऑलिंपिकला पोहोचला नाही आणि आशियाई सुवर्णपदकही पुन्हा आले नाही. एका माणसाची दहा-पंधरा वर्षे कमी झाली तर एका घराचे, एका देशाच्या खेळाचे काय होते, हे आपल्या घरातल्या बिडी-सिगारेट आणि गुटखा खाणाऱ्यांना सांगायला याहून स्पष्ट उदाहरण नको.

बहिणींचे एक मत मात्र आम्हांला फार आवडले. त्यांना सायरा आवडली. पतीकडून इंग्रजी शिकण्याची धडपड करणारी, आजाराचे कळल्यावर स्वतः कोसळायच्या ऐवजी त्याला पुन्हा मैदानाकडे ढकलणारी. ‘तिला आणखी वेळ द्यायला हवा होता,’ असे त्या म्हणतात. तीन तासांच्या चित्रपटात आणखी वेळ मागणारा हा एकच गट! पण त्यांची मागणी खरी आहे. प्रत्येक रहीमसाहेबांच्या मागे एक स्त्री महिनोन्‌महिने एकटी घर चालवत असते, आणि तिचे नाव पदकांच्या यादीत कधी येत नाही.

पाचवे मत हळहळीचे: ‘इतका चांगला चित्रपट चालला का नाही?’ तिकीटबारीवर ‘मैदान’ला अपेक्षेइतके यश मिळाले नाही, हे खरे. बनायलाही त्याला वर्षे लागली. चित्रीकरण सुरू झाले, मग कोरोना आला, मग मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळाने मुंबईत मढला उभारलेल्या मैदानाच्या सेटची वाताहत केली. कोणी म्हणते जाहिरात कमी पडली, कोणी म्हणते लोकांना आता फक्त मारधाड हवी, कोणी म्हणते आपल्या देशात क्रिकेटशिवाय कोणाला काही दिसत नाही. प्रत्येकात थोडे तथ्य असेल. पण आम्हांला वेगळीच रुखरुख लागते. हा चित्रपट येण्याआधी आपल्यापैकी किती जणांना रहीमसाहेबांचे नाव ठाऊक होते? पी. के. बॅनर्जी आणि चुनी गोस्वामी २०२० मध्ये गेले. रहीमसाहेबांचे चिरंजीव सय्यद शाहिद हकीम, जे स्वतः १९६० च्या रोम ऑलिंपिकच्या संघात होते आणि पुढे आंतरराष्ट्रीय पंच झाले, ते २०२१ मध्ये गेले. बलराम २०२३ मध्ये. चित्रपट पडद्यावर येईपर्यंत ज्यांची ही गोष्ट, त्यांतले बहुतेक उरलेच नव्हते. चित्रपट पडला याची हळहळ करण्याआधी, आपण माणसे जिवंत असताना त्यांना विसरतो, याची हळहळ व्हायला हवी. तुमच्या गावातही जुना कबड्डीपटू, कुस्तीगीर, हॉकीपटू, मदरशात किंवा झेडपीच्या शाळेत पन्नास वर्षांपूर्वी पोरांना कवायत शिकवणारे मास्तर असतील. त्यांच्याकडे जा. मुलांना घेऊन जा. त्यांचे बोलणे मोबाइलवर टिपून ठेवा.

आता मुख्य गोष्ट. इतकी मते ऐकली, पण एक मत आम्हांला कोणाकडूनच ऐकायला मिळाले नाही. ‘आमच्या मोहल्ल्यातल्या मुलांना खेळायला जागा कुठे आहे?’ असे कोणी विचारले नाही. चित्रपटाचे नाव ‘मैदान’ आहे, आणि आपल्या बहुतेक वस्त्यांत तेच नाही. मुले गल्लीत, दोन दुचाकींच्या मध्ये, कोणाच्या तरी ओरडण्याच्या धाकात खेळतात. आणि आपणही त्यांना काय सांगतो? ‘खेळून कोणाचे भले झाले? अभ्यास कर.’ मग तोच मुलगा रात्री एक वाजेपर्यंत मोबाइलवर फुटबॉलचा गेम खेळतो, आणि सेहरीला उठवताना आपण वैतागतो.

‘मैदान’ पाहिलेल्या अनेकांनी त्याची तुलना नागराज मंजुळे यांच्या ‘झुंड’शी केली. ती योग्यच आहे. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजमधले क्रीडाशिक्षक विजय बारसे यांच्या कामावर तो चित्रपट बेतलेला होता. त्यांनी झोपडपट्टीतल्या मुलांना फुटबॉल दिला. एक गोष्ट हैदराबादची, एक आपल्या नागपूरची, दोन्हींत काही दशकांचे अंतर, पण दोन्हींचा नायक कोण? शिक्षक. खेळाडू नंतर येतो, शिक्षक आधी. आपल्या मोहल्ल्यात निवृत्त शिक्षक आहेत, पोलीस आहेत, फौजेतून परतलेले आहेत. संध्याकाळचे एक तास, आठवड्यातून चार दिवस, एवढे जरी कोणी दिले तरी पुष्कळ होईल. मशिदीची जमात, शाळेची संस्था, मोहल्ला कमिटी यांनी मनावर घेतले तर शाळेचे पटांगण शाळा सुटल्यावर मुलांसाठी उघडता येते. नगरपालिकेकडे आरक्षित मैदानाची मागणी लेखी करता येते. लग्नात एका दिवसासाठी जो मंडप घालतो, त्याच्या एका कोपऱ्याच्या खर्चात दोन गोलपोस्ट आणि दहा चेंडू येतात.

आणि मुलींना विसरू नका. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी हजरत आयशा (रजि.) यांच्याबरोबर धावण्याची शर्यत लावल्याचे आपण हदीसमध्ये वाचतो, प्रवचनात ऐकतो, आणि घरी येऊन मुलीला सांगतो की पळू नकोस, पडशील. हया आणि पडद्याची मर्यादा राखून मुलींना खेळता येईल अशी जागा आणि अशी वेळ काढणे अवघड नाही. काढायची इच्छा पाहिजे.

तवक्कुल म्हणजे हातावर हात ठेवून बसणे नव्हे. उंट आधी बांधायचा आणि मग अल्लाहवर सोपवायचे, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेले आहे. रहीमसाहेबांनी आयुष्यभर उंट बांधला. कमजोर पाय पक्का केला, बूट घालायला लावले, जखमी माणसाला नवी जागा शोधून दिली, आणि मग जकार्ताच्या त्या संध्याकाळी निकाल त्याच्यावर सोपवला. दुबळा संघ दैवाने जिंकत नाही. तो जिंकतो तेव्हा त्याच्यामागे कोणाची तरी न दिसलेली पंधरा वर्षे असतात.

तेव्हा ‘मैदान’ अजून पाहिला नसेल तर सुट्टीच्या दिवशी घरच्यांबरोबर पाहा. आणि मुलांनी पहिला भाग पुढे ढकलायला बोट उचलले, तर त्यांना थांबवा. सांगा, बेटा, खरा सामना इथेच चालला आहे.

आपल्या मोहल्ल्यात मुला-मुलींच्या खेळासाठी काही होत असेल, लहानसे का असेना, तर आम्हांला जरूर कळवा. पुढच्या अंकांत इन्शाअल्लाह त्यालाच जागा देऊ.